सन्मानफलकावर नाव कुणाचं? मांडव घालण्याआधी ठरवायच्या गोष्टी

तालमीला, क्लबला किंवा शाळेच्या संघाला पंचाहत्तर-शंभर वर्षं झाली की कुणीतरी विषय काढतंच, आपल्या जुन्या खेळाडूंचा हॉल ऑफ फेम करूया. ग्रॅनाइटचा फलक ठरतो, देणगीदार मिळतो, उद्घाटनाला कोण येणार तेही ठरतं. फलकावर नावं कुणाची, हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात चहाबरोबर उरकला जातो. मग ज्याचं नाव राहिलं त्याच्या घरातली पोरं समोरच्या तालमीकडून खेळायला लागतात.

मी कोल्हापुरात शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या मैदानावर पंच. आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. सगळ्याच पेठांच्या शिव्या सारख्या खाल्ल्या असल्याने निवृत्तीनंतर अशा निवड समित्यांवर मला हमखास बोलावतात. मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात राहते, त्यामुळे तिथल्या कॅन्टन गावातलं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम निवांत बघता आलं. ते फुटबॉल आपलं नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखेत मारून पळायचा तो खेळ. इमारतीवर त्याच चेंडूच्या आकाराचा घुमट आहे आणि आत ब्राँझचे अर्धपुतळे ओळीने मांडलेत. पण १९६३ पासून निवडी करताना तिथे जेवढी भांडणं झाली आणि जेवढे नियम बदलले गेले, तेवढी शिकवणी दुसरीकडे फुकट मिळायची नाही. म्हणून पुढे कॅन्टन वारंवार येईल.

माझं म्हणणं एकच आहे. अशा निवडीत मुद्दाम कुणाला डावलणारा माणूस मला फार क्वचित भेटला. अन्याय झाला तो पद्धतीमुळे: काय मोजलं, बाजू कुणी मांडली, मतं कशी घेतली, माहिती कुठून आणली. तेव्हा एकही नाव टेबलावर येण्याआधी नियम कागदावर यायला हवेत. एकदा नाव आलं की नियमसुद्धा त्या नावाकडे बघत बघत लिहिले जातात.

मोजायचं काय

पहिल्या बैठकीत एक सूचना ठरलेली असते: "जो भारताकडून, निदान महाराष्ट्राकडून खेळला तोच घ्यायचा." ऐकायला अगदी स्वच्छ वाटते. वादच नको, प्रमाणपत्र दाखवा आणि फलकावर या.

ही सूचना मी मान्य करत नाही. १९७० च्या सुमाराचा कोल्हापूरचा खेळाडू आठवा. मुंबईत टाटा, महिंद्र अशा एखाद्या संघात नोकरी लागली तर तो कूपरेजच्या मैदानावर दिसणार, रोव्हर्स चषकात खेळणार, निवड समितीच्या नजरेत येणार. घरी शेती आहे, बाप आजारी आहे, म्हणून जो गावातच राहिला त्याला कोण बघणार? २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि सगळं शहर टीव्हीसमोर बसलं होतं. त्याच्या आजोबांच्या वयाच्या फॉरवर्डला ट्रायल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. दोघांना एकाच प्रमाणपत्राने मोजलं तर आपण खेळ मोजत नाही, संधी मोजतो.

इंग्लंडमधलं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने २००२ साली हॉल ऑफ फेम सुरू केला. पहिल्या तुकडीत बाई एकच, लिली पार. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्याच्या महिला संघाची ती विंगर. १९२० च्या बॉक्सिंग डेला त्या संघाचा सामना बघायला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३ हजार माणसं जमली होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने संलग्न क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली, आणि ती जवळपास अर्धं शतक टिकली. इंग्लंडच्या महिला संघाचा पहिला अधिकृत सामना झाला १९७२ मध्ये. म्हणजे "देशाकडून किती सामने?" हा निकष लावला तर लिली पारच्या नावापुढे शून्य. ज्यांनी दार बंद केलं त्यांच्याच वहीतून तिची लायकी काढल्यासारखं झालं असतं. २००२ मध्ये त्या समितीने तसं केलं नाही हे त्यांचं शहाणपण, पण तोवर लिली पार जाऊन २४ वर्षं झाली होती.

कॅन्टनमध्येही हेच. १९३४ ते १९४५ या काळात अमेरिकेच्या त्या फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्याच्याही आधी, १९२० मध्ये, फ्रिट्झ पोलार्ड अक्रन संघाकडून खेळून विजेता झाला होता. लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षकही तोच. त्याचा पुतळा बसला २००५ साली. तो वारला होता १९८६ मध्ये.

तर मग निकष कसा लिहायचा? मी एक वाक्य सुचवतो, समित्या ते कमी-जास्त करून घेतात: "त्या खेळाडूला त्याच्या काळात जेवढं मैदान मिळालं, त्यात तो आपल्या जागेवर इतरांपेक्षा किती वरचढ होता, आणि किती हंगाम?" वरचढपणा आणि टिकाऊपणा, दोन्ही आले. प्रातिनिधिक सामने, पुरस्कार, बढत्या ही पूरक माहिती. ती असली तर नोंदवा, नसली तर गुण कापू नका. तुमच्या शाळेत मुलींचा संघ असेल, किंवा एकेकाळी होता आणि बंद पडला असेल, तर त्या मुलींनाही हेच वाक्य लावायचं. "त्यांचे सामने तरी किती झाले?" असं कुणी विचारलं तर "किती होऊ दिले?" एवढंच उत्तर द्यावं.

गोल करणाऱ्याचीच आठवण राहते

आता माहिती. बहुतेक समित्या इथे घाई करतात, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो.

जुन्या सामन्यांचं आपल्याकडे काय उरलंय? वर्तमानपत्रातली कात्रणं, संघाचे फोटो, आणि ढाली. कात्रणात काय असतं? "सत्ताविसाव्या मिनिटाला अमुकने मैदानी गोल नोंदवला." फोटोत ढाल कुणाच्या हातात? कप्तानाच्या. म्हणजे फॉरवर्ड आणि कप्तान सोडून बाकीचे नऊ जण कागदावर नसतातच. सत्तर मिनिटं समोरच्याला डीमध्ये पाऊल टाकू न देणाऱ्या फुलबॅकबद्दल बातमीत ओळ येते ती त्याने पेनल्टी दिली तर. गोलीचं नाव छापतात टायब्रेकर झाला तरच.

हा आजार कॅन्टनलाही आहे आणि तिथे तर आकडेवारीचा महापूर असतो. त्यांच्या खेळात चेंडू हातातून सोडून लांब लाथाडणारा एक खास गडी असतो, पंटर. निव्वळ पंटर म्हणून पहिला माणूस, रे गाय, आत आला २०१४ साली. संस्था उघडून ५१ वर्षं झाली होती आणि रे गाय निवृत्त होऊन जवळजवळ तीन दशकं. निव्वळ किकर, म्हणजे लाथेने गुण मिळवणारा, म्हणून पहिला यान स्टेनरुड, १९९१ मध्ये. ज्या कामाचे आकडे वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसत नाहीत, त्या कामाची माणसं रांगेत मागे राहतात.

उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. प्रत्येक नावाचं एक पानी टिपण करा. त्यात खेळायची जागा, हंगाम कुठून कुठपर्यंत, कुठल्या संघांकडून, कुठल्या मोठ्या सामन्यांत, आणि पुरावा काय. त्याखाली तीन साक्षी. त्यातला एक साक्षीदार त्याच्याविरुद्ध खेळलेला असलाच पाहिजे, ही अट मी कधीच सोडत नाही. जुन्या फॉरवर्डला विचारा, "कुणासमोर खेळायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा?" पटकन जे नाव येतं ते बहुधा समितीच्या यादीत नसतं. तो एखादा बुटका सेंटर हाफ असतो, त्याने आयुष्यात मोजून चार गोल केलेले असतात, आणि समोरच्या तालमीची आख्खी पिढी त्याला विसरलेली नसते. स्वतःच्या संघातले लोक मित्राचं कौतुक करतात. विरोधकाला खोटं कौतुक करायचं कारण नसतं. पंचांनाही विचारा. आम्ही चेंडूमागे धावतो, पण बघतो चेंडू नसलेल्या माणसाकडे.

कात्रणांसाठी शहरातली जुनी वाचनालयं धुंडाळा. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तुमच्या गावातही एखादं असेल. शिवाय जुन्या खेळाडूंच्या घरी जा. आधी त्यांच्या बायकांशी बोला. कात्रणांची वही कुठल्या पेटीत आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

अंतिम यादीत अमुक इतके बचावपटू हवेतच असा कोटा मी ठेवत नाही. चर्चेत मात्र ठेवतो. गोली, बचावफळी, मधली फळी, आघाडी, प्रत्येकातून निदान तीन टिपणं समोर आल्याशिवाय चर्चा सुरू करायची नाही. तीन सापडत नसतील तर शोध अपुरा आहे, खेळाडू कमी नव्हते.

समितीत कोण

अकरा माणसं पुरतात. त्याहून जास्त झाली की निम्मे बोलत नाहीत. तीन-चार माजी खेळाडू, वेगवेगळ्या दशकांतले. दोन पंच. एक क्रीडा पत्रकार. एक खेळलेली बाई. ती पाहुणी म्हणून नको, मताधिकारासह हवी. एक जण जुनी कागदपत्रं वाचण्याची सवय असलेला, इतिहासाचा शिक्षक चालेल. आणि निदान दोघे गावाबाहेरचे, बेळगाव, मिरज, गोवा, पुणे, कुठलेही, ज्यांना आडनाव ऐकून पेठ कळत नाही. आपल्याला कळते. आडनाव, पेठ, तालीम, कुणाचा मेव्हणा कुणाकडे दिलाय, हे सगळं नाव उच्चारताच डोक्यात उभं राहतं. ते नाकारू नका. बाहेरचे दोघे आणा म्हणजे निदान दोन डोकी रिकामी असतील.

वयाकडेही बघा. सगळेच पन्नाशीच्या आतले असतील तर १९७५ चा खेळाडू त्यांच्यासाठी फक्त ऐकीव आख्यायिका. सगळेच सत्तरीपुढचे असतील तर "आमच्या वेळचा खेळ आता राहिला नाही" या वाक्याने बैठक सुरू होईल आणि तिथेच संपेल.

समितीवर असेपर्यंत आणि त्यानंतर तीन वर्षं स्वतःचं नाव नाही. रक्ताच्या किंवा सोयरिकीच्या माणसावर मतदान असेल तर खोलीबाहेर जायचं. नुसतं गप्प बसून चालत नाही, कारण गप्प बसलेल्या माणसाकडे बघूनही लोक मत देतात. एकाच तालमीकडून बरोबर खेळलेल्यांनी बाहेर जावं का? लहान गावात तसं केलं तर खोलीत कुणी उरणार नाही. त्यांनी बसावं, पण त्या नावाची बाजू मांडू नये.

बाजू मांडणारा

कॅन्टनच्या समितीत संघ असलेल्या प्रत्येक शहराचा एक पत्रकार असतो, शिवाय काही जादा पत्रकार आणि अलीकडे काही माजी खेळाडूही. अंतिम यादीतल्या खेळाडूची बाजू परंपरेने त्याच्या शहराचा पत्रकार मांडतो. यात तर्क आहे. त्याने त्याला रोज पाहिलेला असतो. पण मग ज्याच्या शहराचा पत्रकार बोलका, तो खेळाडू सुदैवी. सिनसिनाटीच्या केन रायलीचं बघा. प्रतिस्पर्ध्याचे ६५ पास हवेत अडवून पकडले, हा आकडा सर्वकालीन यादीत अगदी वरचा. पण संघ मोठ्या शहराचा नाही आणि हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या तारांकित सामन्यासाठी त्याची निवड कधी झाली नाही. त्याला प्रवेश मिळाला २०२३ साली, मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

आपल्याकडे मी उलटं करतो. मंगळवार पेठेच्या खेळाडूची बाजू शिवाजी पेठेच्या माणसाने मांडायची, आणि शिवाजी पेठेच्याची मंगळवारच्या. पहिल्यांदा हे सुचवल्यावर लोक हसले. मग काय झालं, की समोरच्या तालमीचा माणूस उठून म्हणाला, "याने आम्हाला तीन फायनल हरवल्यात, ऐका कशा." त्या खोलीत अख्ख्या संध्याकाळी तेवढं परिणामकारक भाषण दुसरं झालं नाही. प्रत्येकाला पाच मिनिटं, घड्याळ लावून. टिपणं आठवडाभर आधी वाटलेली, म्हणजे न बोलणाऱ्यालाही सगळं माहीत. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून, कारण नवव्या नावापर्यंत सगळ्यांना भूक लागलेली असते.

मतपत्रिकेतली मेख

सगळे प्रामाणिक, माहिती चोख, समिती समतोल, आणि तरी निकाल वाकडा, असं फक्त मतपत्रिकेमुळे होऊ शकतं. इथे पेन-कागद घ्या.

कॅन्टनमध्ये आत जायला ८० टक्के मतं लागतात. ५० मतदार धरा, म्हणजे ४० मतं. अकरा जणांनी नकाराची मान हलवली की दार बंद. आधी पद्धत अशी होती, की १५ अंतिम नावांतून दहा, दहांतून पाच निवडायची, आणि मग त्या पाचांवर एकेक करून हो की नाही असं मत. शेवटच्या पाचांत पोचलेला बहुधा आत जायचाच. २०२५ च्या तुकडीसाठी ती बदलली. आता १५ मधून दहा, दहांतून सात, आणि सातांतून प्रत्येक मतदाराने पाच नावं लिहायची. गणित करा. ५० मतदार, प्रत्येकी पाच मतं, एकूण २५०. सातही जण तुल्यबळ असले आणि मतं सारखी वाटली गेली तर प्रत्येकाला जेमतेम ३६. लागतात ४०. म्हणजे सगळेच लायक असतील तर कुणीच उंबरठा ओलांडत नाही!

ज्येष्ठ खेळाडू, प्रशिक्षक आणि संघटक यांच्यासाठी तर आणखी आवळलं. या तिन्ही प्रकारची पाच नावं एकाच पाटीत, आणि मतदाराने त्यांतली तीनच लिहायची. दीडशे मतं, पाच जण, सरासरी ३०. त्या वर्षी एकूण चारच जण आत गेले: एरिक ॲलन, जॅरेड ॲलन, अँटोनियो गेट्स आणि ज्येष्ठांमधून स्टर्लिंग शार्प. २००५ नंतरची ही सगळ्यांत लहान तुकडी. तुकडी लहान असावी असं कुणाचं मत असेल तर ते मत मी समजू शकतो. पण ते "खेळाडू कमी दर्जाचे होते" या नावाखाली जाऊ नये. दर्जा तोच होता, गाळणी बदलली. प्रशिक्षकाची तुलना चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाडूशी कशी करायची, हेही मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

मतं फुटण्याचं दुसरं उदाहरण. क्रिस कार्टर, अँड्रे रीड आणि टिम ब्राउन, तिघंही पास झेलणारे, तिघंही एकाच तोलाचे. २०१०, २०११ आणि २०१२, तिन्ही वर्षं तिघंही अंतिम यादीत होते आणि तिन्ही वर्षं तिघंही बाहेर. मतदार म्हणणार, एक घ्यावा. पण कुणी याला मत देतो, कुणी त्याला. शेवटी २०१३ मध्ये कार्टर, २०१४ मध्ये रीड, २०१५ मध्ये ब्राउन. रांग लागली तशी सुटली. तुमच्याकडे एकाच संघातले दोन जुळ्यासारखे फॉरवर्ड असतील तर हेच होणार.

याच्या बाजूलाच "त्या संघाचे आधीच पुष्कळ झाले" हा आक्षेप उभा असतो. पिट्सबर्गच्या १९७० च्या दशकातल्या संघाने चार वेळा सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकला आणि त्यातले बरेच जण कॅन्टनमध्ये आहेत. त्या संघाचा एल. सी. ग्रीनवुड सहा वेळा अंतिम यादीत पोचला आणि सहाही वेळा परत आला. २०१३ मध्ये वारला. शेजारी बसलेल्यांचे पुतळे झाले ही काही त्याची चूक नव्हती.

म्हणून लहान संस्थांना मी दोन टप्पे सुचवतो. पहिल्या टप्प्यात प्रत्येक नावावर स्वतंत्र हो की नाही. कुणाशी तुलना नाही, किती जागा आहेत त्याची चर्चा नाही, फक्त "हा फलकावर शोभतो का?" अकरा जणांत आठ हो आले तर पात्र. कुणी खोलीबाहेर गेलं असेल तर उरलेल्यांच्या दोन तृतीयांश. अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक. दहा उरले तर सात. हे आधी लिहून ठेवा, नाहीतर मतं मोजताना यावरूनच जुंपते. पात्र ठरलेल्याचं नाव कायम पात्र, दरवर्षी नव्याने परीक्षा नाही. दुसऱ्या टप्प्यात यंदा किती जागा आणि त्यात कोण. इथे प्रत्येकाने पात्र नावं पसंतीक्रमाने लावायची आणि क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज कमी तो वर. ज्याचं नाव यंदा बसलं नाही तो नापास झालेला नसतो, रांगेत असतो. हा फरक घरच्यांना सांगता येतो, आणि त्याने अर्धी भांडणं मिटतात.

मतदान गुप्तच ठेवा. उघड मतदान जास्त पारदर्शक वगैरे म्हणणाऱ्याला संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जायचं नसतं. कुणाला किती मतं पडली ते आकडे मात्र जाहीर करा, आणि निवडलेल्या प्रत्येकाबद्दल चार ओळींचं कारण. पात्र न ठरलेल्यांचे आकडे फक्त त्यांना स्वतःला सांगा.

स्वभाव, दारू, मारामाऱ्या

कॅन्टनचा नियम म्हणतो, मैदानावरचं काय तेवढंच बघा. कागदावर छान आहे. टेरेल ओवेन्स निवृत्त झाला तेव्हा पास झेलून केलेल्या अंतरात त्याच्या पुढे एकच माणूस होता. तरी २०१६ आणि २०१७ मध्ये तो बाहेर राहिला, आणि ड्रेसिंग रूममधल्या त्याच्या वागण्याचीच चर्चा जास्त झाली. २०१८ मध्ये निवड झाली तेव्हा तो कॅन्टनला गेलाच नाही. त्याच दिवशी चॅटानूगामध्ये, आपल्या कॉलेजात, स्वतःचा समारंभ केला. अशा सत्काराचा संस्थेला काय उपयोग झाला?

दुसऱ्या टोकाला जिम टायरर. कॅन्सस सिटीचा उत्कृष्ट लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला अडवणारा गडी. १९८० साली त्याने पत्नीला गोळी घालून स्वतःचा जीव घेतला. २०२५ च्या अंतिम यादीत त्याचं नाव होतं. फक्त मैदान बघायचं तर त्याच्याबद्दल वाद नाही. पण मतदार माणसं असतात. त्याची निवड झाली नाही.

माझा सल्ला असा, की "मैदानावरचंच बघू" असं लिहून मनात दुसरंच धरण्यापेक्षा काय बघणार ते स्पष्ट लिहा. तिरसट स्वभाव, तालीम बदलली, पैसे मागितले, अध्यक्षांना उलट बोलला, यातलं काहीही धरायचं नाही. तालीम बदलल्याचा राग पेठेत तीन पिढ्या टिकतो, म्हणून तो शब्दशः लिहून बाद करा. सामना विकणं, न्यायालयात सिद्ध झालेला गंभीर गुन्हा, या गोष्टी धरायच्या. पंचाला मारणं? मी त्यावर मत देत नाही, खोलीबाहेर जातो.

जुनी माणसं आधी

जेरी क्रेमर ग्रीन बे संघाचा गार्ड, तोही पुढच्या फळीतला अडवणारा गडी. १९६९ साली लीगच्या पन्नास वर्षांचा सर्वोत्तम संघ निवडला त्यात तो होता. तरी अंतिम यादीत दहा वेळा येऊन-जाऊन त्याला प्रवेश मिळाला २०१८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. त्याचं नशीब की तो हयात होता. केन स्टेबलर जुलै २०१५ मध्ये गेला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये निवडला गेला. कॅन्टनने ज्येष्ठांसाठी वेगळी वाट ठेवली आहे, निवृत्त होऊन २५ वर्षं झालेल्यांसाठी. आणि २०२० मध्ये लीगच्या शताब्दीला एकरकमी १५ जण जादा घेऊन साठलेला अनुशेष थोडा उपसला. वाट असूनही ही गत, नसती तर काय झालं असतं?

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिलं वर्ष फक्त जुन्यांचं ठेवावं. निवृत्तीला पंचवीस वर्षं झालेले, दशकवार विभागलेले, प्रत्येक दशकातून निदान दोघे. पंचाहत्तरीपुढच्यांची टिपणं सगळ्यांत आधी वाचायची. दिवंगतांना वगळू नका, पण दोन नावं सारखी असतील तर हयात माणूस आधी. दुसऱ्याचं नाव पुढच्या वर्षी ठरलेलं. अलीकडच्या पोरांनी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचं, कॅन्टनमध्येही थांबतात. त्या काळात गाजावाजा विरतो आणि खेळ उरतो, किंवा उरत नाही.

पैसा, फोन आणि फाइल

देणगीदाराला त्या वर्षी नाव सुचवता येणार नाही, हे देणगी घेतानाच सांगा. पावतीवर छापलं तर उत्तम. नगरसेवकाचा, साहेबांचा फोन आला तर उत्तर एकच: टिपण पाठवा, मुदत अमुक तारखेपर्यंत. बहुतेक फोन टिपण लिहायचं म्हटलं की थांबतात.

निकाल जाहीर करण्याआधी पंधरा दिवस अंतिम टिपणं तालमीत लावून ठेवा. तारीख चुकली, संघ चुकला, गोल दुसऱ्याचा होता, अशा तथ्यांवर हरकत घेता येईल. "माझा काका याच्यापेक्षा भारी होता" ही हरकत नाही, ते पुढच्या वर्षीचं नामांकन आहे, तसा अर्ज तिथेच हातात द्या.

ज्यांचं नाव आलं नाही त्यांना बातमी फुटण्याआधी कुणीतरी घरी जाऊन सांगावं. फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच. दोघांनी जावं, एक समितीचा, एक त्यांच्याच वेळचा खेळाडू. रांगेत आहात की पात्रतेलाच मतं कमी पडली, ते खरं सांगावं आणि टिपणात काय कमी पडलं तेही. पुष्कळदा तिथेच पेटी उघडते आणि कुणाकडेच नव्हतं ते कात्रण बाहेर येतं. त्याचा फोटो काढा, मूळ कात्रण मागू नका, आणि तारीख टाकून त्याच्या टिपणाला जोडा. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज मागायचा नाही. टिपण फाइलमध्ये आहेच.